हजेरीवर राहिलेलं नाव

१

मी व्यंकटी. चाकूरच्या मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिपाई हाय. घंटा माझ्या हातात, किल्ल्या माझ्या कंबरेला, आणि कोण किती वाजता आलं-गेलं ते माझ्या डोक्यात. राग मला लवकर येतो. सांगता सांगता कुणावर घसरलो तर मनावर घेऊ नका.

विज्ञान दिन शनिवारी आला होता. हॉलात तीनशे मायबाप, पोरी वेगळ्याच. आमचे हेडमास्तर शेषेराव सर बोलायला उभे राहिले. अंधश्रद्धेवर सर बोलायला लागले की कुणी खोकत बी न्हाई. माझ्यासाठी तर तो माणूस देवाच्या जागी. माझा सुदर्शन आठ वर्षांचा असताना त्याला साप चावला, आणि आम्ही येडे त्याला मंत्र घालायला घेऊन निघालो होतो. सरांनी भर रस्त्यात पोरगं माझ्या हातातून ओढून घेतलं, गाडीवर टाकलं आणि लातूरला दवाखान्यात नेलं. आज सुदर्शन दोन लेकरांचा बाप हाय.

सरांच्या मागं पडद्यावर चित्रं चालू होती, लिंबू-मिरची, अंगारा, गंडा. लॅपटॉपवर बसली होती वर्षाराणी, आमची कंत्राटी ऑपरेटर.

"आकाशातल्या ग्रहांना आपल्या पोरीबाळींच्या संसाराशी काही देणंघेणं नाही," सर म्हणाले.

आणि पडद्याच्या कोपऱ्यातून एक चौकोन वर आला. त्यात अर्ध्या कपड्यातली बाई डोळा मारून राहिली. खाली काय लिहिलं होतं ते मी सांगत न्हाई, घरी सुना हायत. वर्षानं तो चौकोन बंद केला, तर दुसरा आला. दुसरा बंद केला, तर तिसरा. शेवटी पोरीनं वायरच उपटली.

पहिल्या रांगेतून चांगुणाबाई ओरडली, "ह्यासाठी पोरी शाळंत घातल्या का आम्ही?"

आमचे क्लार्क रविकांत पुढं होऊन हळूच, पण चार रांगांना ऐकू जाईल असं बोलले, "असली चित्रं आपोआप येत नाहीत. जो जे बघतो, त्याला तेच येतं."

एवढ्या एका वाक्यावर पोरीची इज्जत गेली. संस्थेचे अध्यक्ष विरूपाक्षअप्पा तिथंच उठून म्हणले, "पुढच्या शनिवारी बैठक घेऊ. निकाल लावून टाकू." निकाल काय लागणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हॉल रिकामा झाला तेव्हा मला म्हणले, "व्यंकटी, तू जेवायला जा. लॅपटॉप मी आत ठेवतो." मला वाटलं, एवढा मोठा माणूस, किती लागलंय त्यांच्या जिवाला.

सोमवारी सकाळी वर्षानं लॅपटॉप चालू केला, आणि किंचाळून मला हाक मारली.

२

जाहिराती गेल्या होत्या. एक बी न्हाई. पण त्यांच्या जागी पडद्याच्या मधोमध एक राखाडी चौकोन येऊन बसला होता. त्यात लाल फुली आणि इंग्रजीत दोन ओळी. बंद केला तर जायचा, पण लॅपटॉप परत चालू केला की हजर. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

"बघा," रविकांतनं तोंड वाकडं केलं. "पुरावा पुसला बाईनं. घाईत अर्धवट पुसला, म्हणून मशीन बोंबलून राहिली."

म्हणजे जाहिराती आल्या तर कसूर तिचा, आणि गेल्या तर बी तिचाच! मला असं वाटलं की त्याच्या टेबलावरची पाण्याची बाटली त्याच्याच डोक्यात घालावी. पण शिपायाची जात, खामोश राहिलो.

वर्षाचा बाप वैजनाथ रोज सकाळी बसस्टँडजवळच्या हॉटेलात बसून सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचा. दहा-बारा म्हातारे त्याच्यासाठी थांबायचे. त्या सोमवारपासून तो घराबाहेर पडला न्हाई. कुणीतरी गल्लीत म्हणलं होतं, "वैजनाथ, आज पेपरात काय हाय, का लेकीच्या लॅपटॉपातच बघावं?"

"मामा," वर्षा मला म्हणली, "नोकरी गेली तर दुसरी बघीन. पण ह्या नावानं गेली तर माझा बाप मरंल."

तिनं नांदेडला फोन लावला. तिथं तिची पॉलिटेक्निकची मैत्रीण लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवायची. धम्मप्रिया तिचं नाव. बैठकीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सकाळच्या एसटीनं ती आली. बुटकीशी, पाठीवर सॅक. मी मनात म्हणलं, ही काय करणार, डोंबल?

ती त्या चौकोनासमोर बसली, दोन ओळी वाचल्या आणि हसली.

"वर्षा, हे ज्यानं पुसलं ना, त्यानं माझं काम लई सोपं करून ठेवलंय."

३

दप्तरात, म्हणजे ऑफिसच्या खोलीत, आम्ही सगळेच जमलो होतो. सर, रविकांत, सायन्सच्या आरती मॅडम, वर्षा आणि मी. धम्मप्रियानं बाकी सगळ्यांना सोडून मलाच विचारलं, "मामा, एखादी पोरगी शाळा सोडून गेली आणि हजेरीतून तिचं नाव काढायचं राहून गेलं, तर काय होतं?"

"काय होणार! रोज सकाळी बाई नाव पुकारणार, आणि कुणी हजर म्हणणार न्हाई."

"हाव. तेच होऊन राहिलंय इथं." तिनं चौकोनावर बोट ठेवलं. "फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत जाहिरातींचा एक प्रोग्राम लपून आत येतो. आला की आधी काय करतो, तर लॅपटॉपच्या हजेरीत स्वतःचं नाव घालतो, म्हणजे रोज सकाळी आपल्याला हाक मारून उठवायला कुणीतरी असावं. चार-पाच दिवस गप पडून राहतो, मंग जाहिराती सोडतो. ह्यावर जे आलं होतं, ते कुणीतरी हातानं उडवलं. पण हजेरीतलं नाव तसंच राहिलं. लॅपटॉप रोज हाक मारतो, ओ येत न्हाई, म्हणून हा चौकोन."

मी आ वासून बघत राहिलो. सोमवारपासून सगळ्यांना जे भूत वाटलं, आणि ह्या पोरीनं ते माझ्या हजेरीच्या वहीत आणून बसवलं.

"मग काढून टाका की ते नाव," रविकांत म्हणले.

"काढीन. पण हजेरीत नाव कधी घातलं त्याची तारीख बी असते ना?" तिनं कुठलीशी यादी उघडली, मोबाईलवर यादीचा फोटो काढला आणि वाचलं, "विज्ञान दिनाच्या आधीचा रविवार. सकाळी अकरा बेचाळीस."

"रविवारी मी हिमायतनगरला होते!" वर्षा उठूनच उभी राहिली. "मावशीकडं. शनिवारी गेले, सोमवारी पहाटेच्या गाडीनं आले. सगळ्यांना पेढे बी दिले होते मी."

"लॅपटॉपचं घड्याळ चुकीचं असेल," रविकांत म्हणले.

धम्मप्रियानं माझं मनगट धरून माझं घड्याळ पडद्याला लावलं. मिनिटाला मिनिट जुळलं.

"रविवारी शाळा बंद," ती म्हणली. "मग कुलूप उघडलं कुणी?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

४

"म्या उघडलं," मी बोललो. "पण मला लॅपटॉप चालू कुठून करतेत ते बी ठाऊक न्हाई! आणि त्या दिवशी तिघं आले होते. दहाला रविकांत साहेब, त्यांच्या मागं आरती मॅडम, मंग सर. साडेदहाला लाईन गेली ती एकला आली. पंखे बंद, म्हणून मी लिंबाखाली बसलो होतो. आत कोण काय करून राहिलं ते मला दिसलं न्हाई."

"लाईन नव्हती?" तिनं एवढंच विचारलं, आणि भिंतीवरच्या नेटच्या डब्याकडं बघितलं. तो विजेवर चालतो.

मंग तिनं एकेकाला विचारलं. आवाज न चढवता, चहा पीत पीत.

रविकांत म्हणले, "मी दाखले हातानं लिहीत होतो. लॅपटॉप माझ्या मागच्या कपाटावर होता, मी वळूनसुद्धा बघितलं नाही."

आरती मॅडम म्हणल्या, "मी हॉलमध्ये तक्ते रंगवत होते. दप्तरात एकदाच आले, कात्री न्यायला."

सर म्हणले, "मी माझ्या खोलीत भाषणाची तयारी करत होतो. वाचत होतो. त्या यंत्राला मी हात लावत नाही, मला त्यातलं फारसं कळत नाही. आणि खरं सांगू का, कर नाही त्याला डर कशाला? तुम्ही खुशाल शोधा."

"एकच शेवटचं," धम्मप्रिया म्हणली. "तुमच्यापैकी कुणी आपल्या मोबाईलचं नेट ह्या लॅपटॉपला कधी दिलंय? एकदा बी?"

तिघं बी न्हाई म्हणले. तिनं मान हलवली आणि पुन्हा पडद्यात डोकं घातलं. मी चहाच्या कपबश्या उचलून राहिलो होतो, तेवढ्यात ती म्हणली, "अरेच्चा! हे जाताना पुसायचं राहिलं की."

५

अक्षरांची यादी होती ती. लॅपटॉपमधी कुठल्या कुठल्या वळणाची अक्षरं हायत त्याची. वर्षा त्यातून दाखल्याची, निकालाची अक्षरं निवडते.

"सॉफ्टवेअर उडवलं," धम्मप्रिया म्हणली, "पण त्यानं सोबत आणलेली अक्षरं इथंच राहिली. तारीख तीच. रविवार, अकरा बेचाळीस. आता ही अक्षरं कसली ते बघू."

तिनं ती उघडली आणि मी पुढं वाकून बघितलं. क ख ग घ काहीच न्हाई. नुसते चौकोन, त्यात तिरक्या रेघा, बारा घरं, आणि घराघरात लिहिलेलं: र, चं, मं, बु, रा, के.

"कुंडली!" आरती मॅडमच्या तोंडातून निघालं.

"हाव. पत्रिका जुळवायचं फुकटचं सॉफ्टवेअर. म्हणजे वर्षाच काय, कुणीच घाण बघत बसलं नव्हतं. कुणीतरी लग्नासाठी गुण बघायला बसलं होतं, आणि फुकटच्या पोटातून ही घाण आली."

रविकांतनं एक लांब हुंकार भरला. "लग्न कुणाचं जुळून राहिलंय ते सगळ्या चाकूरला माहीत आहे. ह्या महिन्यात दोन पाहुणे बघून गेले."

ते आरती मॅडमबद्दलच होतं. मॅडमनी ओंजळीत तोंड लपवलं. "मी नाही हो केलं. पत्रिका आई बघते, आमच्या रेणापूरच्या काकांकडं. मी कशाला असलं..."

एकीच्या नावावरचा चिखल काढायला गेलो, आणि तो दुसरीच्या अंगावर उडाला. मला वाटलं, ही धम्मप्रिया आता थांबली तर बरं. सर बी म्हणले, "पुरे आता. वर्षाराणीचा दोष नाही, एवढं मी बैठकीत सांगतो. कुणाची चूक झाली ते कशाला उकरायचं?"

"सर, नाव न सांगता सांगितलं तर लोक काय म्हणतील? हेडमास्तरांनी दया केली म्हणतील." धम्मप्रिया उठली आणि भिंतीवरच्या नेटच्या डब्याची पिन काढून टाकली. "नेट गेलं. हे नाव काढायला मला नेट लागतंय. जरा मोबाईलचं नेट द्या की, एकेकानं."

६

मला आधी काहीच कळलं न्हाई. मला वाटलं, खरंच नेट पाहिजे.

रविकांतनी मोबाईल काढून नेट चालू केलं. लॅपटॉपवर त्यांच्या फोनचं नाव आलं, आणि खाली रिकामी ओळ: पासवर्ड सांगा. "रेंज न्हाई वाटतं," धम्मप्रिया म्हणली. "राहू द्या."

आरती मॅडमनी बी चालू केलं. त्यांचं नाव आलं, आणि परत तेच. पासवर्ड सांगा.

"सर, तुमचं?"

सरांनी मोबाईल काढला, चष्मा वर केला आणि एक बटण दाबलं.

लॅपटॉपनं काहीच विचारलं न्हाई. धम्मप्रियाचे दोन्ही हात मांडीवर होते. कुणी कशाला हात लावला न्हाई, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तीन रेघा आपोआप उमटल्या. जोडलं गेलं होतं.

"त्या रविवारी लाईन नव्हती," धम्मप्रिया हळू बोलली. "शाळेचं नेट बंद. मग अकरा बेचाळीसला सॉफ्टवेअर आलं कुठून? कुणाच्या तरी मोबाईलमधून. लॅपटॉपला एकदा पासवर्ड दिला की तो तेवढा लक्षात ठेवतो. माणूस विसरतो. त्याच्या यादीत एक फोन असा होता की तो कुणाचा ते मला कळत नव्हतं. आता कळलं."

मला बी कळलं. शनिवारी, "व्यंकटी, तू जेवायला जा." मी गेलो होतो. जेवून बी आलो होतो.

लई मोठं झाड पडताना बघावं तसं मी सरांकडं बघत होतो. आणि ह्या बुटक्या पोरीकडं बघितलं तर हात जोडावे वाटले. एक चौकोन, एक तारीख, बारा घरं आणि गेलेली लाईन, एवढ्यावर तिनं माणूस उभा केला होता. पण तो माणूस माझा सर होता. माझ्या पोराला मरणातून ओढणारा.

"बोला ना सर," मी म्हणलो. "खोटं हाय म्हणा."

७

सर खुर्चीत बसले.

"सुकन्याच्या पहिल्या लग्नात मी पत्रिका बघू दिली नाही," ते म्हणाले. सुकन्या त्यांची एकुलती एक पोरगी. "मांडवात उभं राहून अभिमानानं सांगितलं होतं. दोन वर्षांत जावई गेला. अपघात होता, ट्रकवाल्याची चूक होती, सगळं मला माहीत आहे. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण बोलता बोलता थांबायचे ना लोक, मी आलो की..."

त्यांनी चष्मा काढला.

"आता दुसरं स्थळ आलंय. चांगला मुलगा आहे. मला झोप लागेना. खोटं आहे हे कळतं, व्यंकटी. तरी भीती वाटते. जोशाकडं गेलो असतो तर तासाभरात गावभर झालं असतं. घरी केलं असतं तर सुकन्यानं बघितलं असतं. म्हणून रविवारी इथला लॅपटॉप माझ्या खोलीत नेऊन बसलो. आणि त्या शनिवारी पडद्यावर ते आलं, तेव्हाच मला समजलं हे कुठून आलं. सगळे गेल्यावर जेवढं सापडलं तेवढं उडवलं."

"आणि मी?" वर्षा म्हणली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "रविकांत साहेब बोलले तेव्हा तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होता, सर. आठ दिवस रोज मला 'नमस्कार, वर्षाताई' म्हणत होता!"

रविकांतनं मान खाली घातली.

"मी राजीनामा देतो," सर म्हणाले.

"राजीनाम्याचं मला काय करायचंय?" धम्मप्रिया म्हणली. "फोटो माझ्याजवळ हायत, पण उद्या बैठकीत मी बोलणार न्हाई. वर्षाचं नाव जिथं गेलं तिथंच परत आलं पाहिजे. कसं, ते तुम्ही ठरवा. चौकोन मी आज काढत न्हाई."

मी सरांना घरापर्यंत सोडायला गेलो. माझ्या मनात एकच होतं: हे उद्या बोलले न्हाईत, तर मला बोलावं लागंल. ह्या माणसाविरुद्ध. ह्या तोंडानं.

८

शनिवारी सकाळी बैठकीच्या आधी सरांनी मला बोलावलं. "हॉल उघड. पडदा लाव. शाळेच्या मोबाईल ग्रुपवर मी रात्रीच सगळ्या पालकांना यायला सांगितलंय."

हॉल भरला. चांगुणाबाई पहिल्या रांगेत. विरूपाक्षअप्पा खुर्चीत अस्वस्थ, हे काय चाललंय म्हणून. मागं, दाराजवळ, सुकन्याताई उभी होती. सरांनी तिला आधीच सांगितलं असावं, तिचे डोळे सुजले होते.

सरांनी स्वतः लॅपटॉप चालू केला. तो राखाडी चौकोन भिंतीएवढा झाला.

"ह्यात लिहिलंय," सर म्हणाले, "की ज्याला बोलावतोय तो सापडत नाही. तो मी. त्या जाहिराती मी आणल्या. पोरीची पत्रिका जुळवायला बसलो होतो, तुम्हाला शहाणपण शिकवणारा मी. आणि बोलणी वर्षाराणीनं खाल्ली. मी गप्प बसलो."

मी असलं काही जन्मात बघितलं नव्हतं. साप चावलेलं पोरगं ओढून घेतलं तेव्हाचे सर मला मोठे वाटले होते, पण आजचे सर बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांचा राग बी आला, दोन्ही एकदमच.

चांगुणाबाईला मात्र राहवलं न्हाई. "मंग सर, गुण किती जुळले?"

"कळलंच नाही, चांगुणाबाई. जन्मवेळ टाकली, एक चाक फिरत राहिलं, फिरतच राहिलं. उत्तर आलंच नाही." सर वर्षाकडं वळले. "न मिळालेल्या उत्तरासाठी मी ह्या लेकराची अब्रू दिली."

धम्मप्रियानं वर्षाला पुढं बसवलं. "तूच काढ." वर्षानं हजेरीची ती यादी उघडली, नाव शोधलं, उडवलं. ती कुंडलीची अक्षरं बी उडवली. लॅपटॉप बंद केला आणि परत चालू केला. सगळा हॉल पडद्याकडं टक लावून बसला. शाळेचं चित्र आलं. आम्ही थांबलो. चौकोन आला न्हाई.

सरांनी तिच्यापुढं हात जोडले. अप्पांकडं राजीनाम्याचा कागद दिला, तो अप्पांनी न वाचता खिशात ठेवला. त्याचं पुढं काय ते संस्था बघंल.

वर्षानं हात जोडले न्हाईत. "सर, इथं सगळ्यांनी ऐकलं. माझ्या बापानं न्हाई ऐकलं. त्यांना गल्लीत बोलले होते लोक."

"चल," सर म्हणाले.

भर बाजारातून चालत गेलो आम्ही. पुढं वर्षा आणि सर, मागं धम्मप्रिया आणि मी. दुकानदार बघून राहिले होते. वैजनाथच्या दारात सर उभे राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं पुन्हा एकदा सांगितलं. वैजनाथ ऐकत राहिला. हो म्हणला न्हाई, माफ केलं बी म्हणला न्हाई. आत जाऊन टोपी घातली, चपला घातल्या आणि आमच्या मधून चालता झाला, बसस्टँडकडं.

आम्ही मागोमाग गेलो. हॉटेलात म्हातारी मंडळी बसलेलीच होती. बाकावरची त्याची जागा कुणी घेतली नव्हती. एकानं पेपरची घडी मोडून त्याच्यापुढं धरली.

"वाच की, वैजनाथ. आठ दिवसांचं राहिलंय."

वैजनाथनं चष्मा पुसला, वर्षाकडं एकदा बघितलं, आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागला.